ओदुदुवा : राजांचा पूर्वज, की साऱ्या योरुबांचा?

रानवारा (धागाकर्ता)

पश्चिम आफ्रिकेतील योरुबा लोक ज्याला आपल्या राजांचा आद्य पूर्वज मानतात, त्या ओदुदुवाच्या मृत्यूनंतर त्याच्या संपत्तीची त्याच्या नातवंडांत वाटणी झाली, अशी एक कथा त्यांच्यात सांगितली जाते. बेनिनच्या राजाला कवड्या, म्हणजे रोख पैसा मिळाला. इलाच्या राजाकडे आजोबांच्या पत्नी गेल्या. साबेच्या राजाला गुरे, पोपोच्या राजाला मणी, ओवूच्या राजाला वस्त्रे आणि केतूच्या राजाला मुकुट मिळाले. सर्वांत धाकटा नातू ओरान्मियान वाटणीच्या वेळी मोहिमेवर होता, असे काहीजण सांगतात. तो परतला तेव्हा उचलून नेण्याजोगे काहीच शिल्लक नव्हते. उरली होती ती फक्त जमीन. त्याने ती घेतली, आणि मग बाकीच्या सहाही जणांच्या ध्यानात आले की आपण जिच्यावर उभे आहोत ती भूमी धाकट्याची आहे. त्यांना खंड द्यावा लागला, आणि ज्याच्या वाट्याला जे आले होते तेच त्याने खंड म्हणून द्यायचे ठरले.

ही कथा सॅम्युअल जॉन्सन यांनी लिहून ठेवली. जॉन्सन हे ख्रिस्ती धर्मोपदेशक होते, ओयो या योरुबा राज्यात त्यांनी सेवा केली होती आणि ओयोचा राजा अलाफिन अबिओदुन याच्या वंशाशी त्यांचे नाते होते. योरुबांच्या इतिहासाचे त्यांचे हस्तलिखित 1897 मध्ये पूर्ण झाले, पण इंग्लंडमधील प्रकाशकाकडे ते गहाळ झाले. 1901 मध्ये जॉन्सन वारले. पुढे त्यांचे बंधू डॉ. ओबादाया जॉन्सन यांनी टिपणांवरून सारा ग्रंथ पुन्हा उभा केला आणि तो 1921 मध्ये प्रसिद्ध झाला. जमीन मिळालेला ओरान्मियान हा ओयोच्या राजघराण्याचा संस्थापक होय. तेव्हा वाटणीची ही कथा ओयोच्या बाजूची आहे, आणि ओयोच्या साम्राज्याला इतर राज्यांकडून खंडणी का घेता येते याचे उत्तर तिच्यात आधीच देऊन ठेवलेले आहे.

इले-इफे, थोडक्यात इफे, हे नगर नायजेरियाच्या नैर्ऋत्य भागात, आजच्या ओसुन राज्यात आहे. तेथील राजाला ऑनी म्हणतात आणि ओदुदुवाचे सिंहासन आपल्याकडेच आहे असे इफेचे म्हणणे आहे. जॉन्सन यांच्या ग्रंथात मात्र असे आहे की ओरान्मियान इफे सोडून गेला तेव्हा देवस्थानांची राखण करायला आदिमू नावाच्या एका सेवकाला मागे ठेवले गेले. त्याची आई बळी देण्यासाठी निवडलेली स्त्री होती, आणि ऑनी ही पदवी ‘बळी जाणाऱ्या स्त्रीचा मुलगा’ अशा अर्थाच्या शब्दांवरून आली. इफेमध्ये ही व्युत्पत्ती कोणीही मान्य करत नाही, आणि ते स्वाभाविकच आहे. एका बाजूला ओयोचा राजा जमिनीचा धनी आणि ऑनी केवळ राखणदार. दुसऱ्या बाजूला ऑनी हा पित्याच्या आसनावर बसलेला आणि अलाफिन हा घराबाहेर पडलेला धाकटा. पूर्वज एकच, पण त्याच्या घरातली ज्येष्ठता कोणाची यावर दोन नगरांची दोन मते आहेत.

इफेची स्वतःची कथा आकाशातून सुरू होते. आरंभी खाली सर्वत्र पाणी होते. परमेश्वर ओलोदुमारे याने ओबाताला या देवाला साखळी, शंखभर माती आणि पाच बोटांची कोंबडी देऊन पृथ्वी घडवायला पाठवले. ओबाताला वाटेत ताडी पिऊन झोपी गेला. धाकट्या ओदुदुवाने ते साहित्य उचलले, तो साखळीवरून खाली उतरला, पाण्यावर माती टाकली आणि कोंबडीने ती उकरून चहूकडे पसरवली. ‘इफे’ या नावाचा संबंध पसरण्याच्या, विस्तारण्याच्या अर्थाशी जोडला जातो तो यामुळे. जागा झाल्यावर ओबाताला संतापला, आणि समजूत म्हणून त्याला माणसांची शरीरे घडवण्याचे काम देण्यात आले. त्याचे भक्त आजही पांढरी वस्त्रे नेसतात आणि ताडी वर्ज्य मानतात.

मला या धाग्यात एका गोष्टीचा विचार करायचा आहे. नायजेरियातील वर्तमानपत्रांत ‘ओदुदुवाची लेकरे’ हा शब्दप्रयोग सर्व योरुबांसाठी, म्हणजे चार कोटींहून अधिक लोकांसाठी सर्रास वापरला जातो. जुन्या कथांमध्ये मात्र ओदुदुवाची लेकरे म्हणजे मुकुटधारी राजे. शेतकरी, विणकर, लोहार यांना त्या कथांत ओदुदुवाचा वंश लावलेला मला कुठे दिसला नाही. राजांचा पूर्वज सगळ्या लोकांचा पूर्वज केव्हा झाला, कसा झाला, आणि त्यात काय मिळाले आणि काय झाकले गेले, यावर जाणकारांनी लिहावे.

(लिप्यंतराविषयी: नावे योरुबा उच्चाराच्या शक्य तितकी जवळ ठेवली आहेत. तसेच बेनिन हे जुने राज्य आजच्या नायजेरियात आहे, तर केतू आणि साबे ही नगरे आज बेनिन नावाच्या शेजारच्या देशात आहेत. वाचताना या दोन नावांची गल्लत होते.)

केवडा

रानवारा, लेख अतिशय आवडला. वाटणीची कथा प्रथमच वाचली. एक शंका आहे. मी पूर्वी कुठेतरी वाचले होते की ओदुदुवा मक्केहून आला. तुम्ही त्या कथेचा उल्लेखही केलेला नाही. ती खोटी आहे म्हणून टाळली, की पुढे येणार आहे?

तळटीप

केवडा, मी उत्तर देतो. रानवारा यांना भर घालता येईल.

मक्केची कथाही जॉन्सन यांच्याच ग्रंथात आहे. तिच्यानुसार लामुरुदू हा मक्केचा राजा आणि ओदुदुवा त्याचा पुत्र. ओदुदुवा मूर्तिपूजेकडे वळला, आसारा नावाच्या पुजाऱ्याने मशिदीत मूर्ती बसवल्या, आसाराचा मुलगा ब्राइमा याने त्या फोडल्या, यादवी झाली आणि ओदुदुवा आपल्या माणसांसह निघून इफेला पोचला. ब्राइमा म्हणजे इब्राहिम, हे उघड आहे. मूर्ती फोडणाऱ्या इब्राहिमची इस्लामी परंपरेतील कथा येथे नावासकट उतरली आहे. लामुरुदू हे त्याच परंपरेतील राजा नम्रूद याच्या नावाचे रूप मानले जाते.

जॉन्सन यांच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, आजच्या उत्तर नायजेरियातील सोकोतोचे मुहम्मद बेल्लो यांनी अरबीत लिहिताना योरुबांचे मूळ कनानी लोकांशी आणि नम्रूदशी जोडले होते. म्हणजे उत्तरेकडच्या मुस्लिम विद्वानांचे मत आणि ओयोच्या दरबारातील कथन यांची देवाणघेवाण आधीपासून चालू होती. ओयो हे उत्तरेच्या व्यापारमार्गांना लागून असलेले राज्य असल्यामुळे तेथे हे घडणे समजण्यासारखे आहे.

जॉन्सन यांच्या बाजूने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ही कथा जशीच्या तशी खरी असू शकत नाही, योरुबा लोक अरब कुळातले नाहीत, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. पण मग त्यांनी मूळस्थान वरच्या इजिप्तमध्ये किंवा नुबियात शोधले. त्या काळच्या शिक्षित आफ्रिकी माणसाला आपल्या लोकांचे मूळ बायबलमधल्या एखाद्या भूमीपाशी नेऊन पोचवण्याची ओढ असे, आणि तिला जॉन्सनही अपवाद नव्हते. भाषेचा पुरावा याच्या विरुद्ध आहे. योरुबा ही नायजर-काँगो कुळातील भाषा आहे, तिच्या सर्वांत जवळच्या बहिणी इगाला आणि इत्सेकिरी या शेजारीच बोलल्या जातात, आणि अरबीशी तिचे मुळातले नाते काहीच नाही. अरबी शब्द तिच्यात आले ते व्यापारातून आणि धर्मातून.

रानवारा (धागाकर्ता)

तळटीप, आभार. मक्केची कथा मी टाळली नव्हती. वाटणीच्या कथेपासून सुरुवात करायची होती, म्हणून ती मागे राहिली.

एक भर घालतो. ‘पूर्वेकडून आला’ एवढाच भाग इफेच्या स्थानिक परंपरेतही आहे, पण तेथे पूर्व म्हणजे मक्का नव्हे. इफेच्या पूर्वेला थोड्याच अंतरावर ओके-ओरा नावाची टेकडी आहे आणि ओदुदुवा आपल्या लोकांसह तेथून खाली उतरला असे सांगतात. आकाशातून साखळीने उतरणे आणि टेकडीवरून खोऱ्यात उतरणे यांतले साम्य अनेक अभ्यासकांच्या नजरेत भरले आहे. त्या खोऱ्यात आधीपासून तेरा वस्त्या होत्या, प्रत्येकीचा प्रमुख वेगळा होता, आणि ओबाताला हा त्यांच्यातील अग्रणी होता, असे या परंपरेचे रूप आहे. या दृष्टीने पाहिले तर ताडीची कथा म्हणजे सत्तांतराची कथा आहे: आधीच्या प्रमुखाचा हक्क होता, तो त्याच्या हातून गेला, आणि का गेला याचे कारण जिंकणाऱ्यांनी सांगितले.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते याच्या पुढचे आहे. हरलेल्या बाजूला इफेने पुसून टाकले नाही. ओबातालाचा इतापा नावाचा उत्सव इफेमध्ये होतो. त्यात ओबाताला आणि त्याची पत्नी येमो यांच्या मूर्ती नगराबाहेर इदेता येथे नेतात आणि मग समारंभाने परत आणतात. हद्दपारी आणि पुनरागमन, दोन्ही दरवर्षी साऱ्या नगरासमोर घडते. ओदुदुवाचे पुजारी वेगळे आणि ओबातालाचे वेगळे, पण दोघांचेही मान राजवाड्याशी बांधलेले आहेत. जेत्याच्या नगरात जिताचा उत्सव इतक्या निष्ठेने सांभाळला गेल्याचे उदाहरण मला तरी सहज आठवत नाही.

मृगशीर्ष

चर्चा चांगली आहे, पण माझा मूलभूत आक्षेप आहे. आपण एका कथेला दुसऱ्या कथेने तपासत आहोत. टेकडीची कथा आकाशाच्या कथेपेक्षा आपल्याला पटण्याजोगी वाटते, एवढ्याने ती इतिहास होत नाही. इफेच्या बाबतीत आपल्या सुदैवाने जमिनीखालचा पुरावा भरपूर आहे, आणि बोलायचे तर त्यावर बोलावे.

1910 मध्ये जर्मन संशोधक लिओ फ्रोबेनियस इफेला गेला. तेथील भाजलेल्या मातीची शिल्पे आणि ओलोकुन या समुद्रदेवतेचे म्हणून ओळखले जाणारे धातूचे शीर्ष पाहून त्याने ठरवले की हे आफ्रिकी लोकांचे काम असणे शक्य नाही, हे हरवलेल्या अटलांटिसचे अवशेष आहेत. 1938 मध्ये राजवाड्याजवळच्या वुन्मोनिजे वाड्यात घराचा पाया खणताना तांब्या-पितळेची दीड डझनाच्या आसपास शीर्षे निघाली. 1957 मध्ये इता येमो येथे आणखी मूर्ती मिळाल्या. खापरांचे तुकडे उभे रोवून बांधलेल्या फरसबंद वाटा सापडल्या. इग्बो-ओलोकुन या जागी काच बनवण्याचे अवशेष सापडले, आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले की ही काच बाहेरून आणलेली नव्हती. तिच्यातील चुना आणि ॲल्युमिना यांचे प्रमाण स्थानिक कच्च्या मालाचे आहे. म्हणजे अकराव्या ते पंधराव्या शतकांदरम्यान इफेमध्ये काच घडवून तिचे मणी केले जात होते.

यात ओदुदुवा कुठे आहे? कुठेही नाही. एकाही शीर्षावर नाव कोरलेले नाही. येथे एक संपन्न, कुशल नगर होते, एवढेच ठामपणे म्हणता येते.

रानवारा (धागाकर्ता)

मृगशीर्ष, तुमचा आक्षेप रास्त आहे आणि ओदुदुवा नावाची व्यक्ती होऊन गेली असे मी म्हणणारही नाही. पण मण्यांचा जो पुरावा तुम्ही दिलात, तो कथेपासून वेगळा ठेवता येत नाही असे मला वाटते.

योरुबा राजाच्या मुकुटाची खूण म्हणजे त्याच्या कडेने लोंबणाऱ्या मण्यांच्या माळा. त्या राजाचा चेहरा झाकतात, कारण मुकुट घातलेला राजा हा केवळ माणूस राहत नाही. असा झालरीचा मुकुट कोणी घालावा? ज्याचे घराणे ओदुदुवापासून निघाले त्याने, असा नियम आहे. आता तुमची काचेची भट्टी आठवा. ज्या नगरात मणी घडत होते, त्याच नगराकडे मुकुटाचा अधिकार होता. दूरचा एखादा राजा ‘मी ओदुदुवाचा नातू’ असे म्हणत असे, तेव्हा तो वंश सांगत होताच, आणि शिवाय आपल्या डोक्यावरचे मणी कोठून आले हेही सांगत होता. इफेचे मणी दूरवर जात होते आणि त्यांच्याबरोबर नाते जात होते. माझ्या मते ओदुदुवाच्या कथेचा जमिनीवरचा पाया शोधायचा तर तो या भट्टीत आहे.

हा नियम केवळ कागदोपत्री नव्हता. 1903 मध्ये एपे येथील प्रमुखाने, एलेपेने, असा मुकुट घातल्याची तक्रार इजेबू-रेमोच्या राजाने, अकारिग्बोने, केली. लागोसचा ब्रिटिश गव्हर्नर विल्यम मॅकग्रेगर याला निवाडा करता येईना, म्हणून त्याने इफेच्या ऑनीला साक्षीसाठी बोलावले. त्याआधी ऑनी इफेच्या बाहेर गेल्याचे कोणाला ठाऊक नव्हते. ऑनी आदेलेकान ओलुबुसे पहिला लागोसला गेला आणि एलेपेला तो अधिकार नाही असे त्याने सांगितले. तो प्रवासात असेपर्यंत अनेक योरुबा राजे आपापले वाडे सोडून बाहेर राहिले, कारण पिता घराबाहेर असताना मुलांनी आसनावर बसणे त्यांना अनुचित वाटले. कोणाच्या हुकमावरून ते बाहेर पडले नव्हते. सैन्याच्या बळावर त्या वेळचे इफे कोणालाच काही करायला लावू शकले नसते. एकोणिसाव्या शतकात ते नगर स्वतःच दोनदा ओसाड पडले होते.

ओयोबद्दलही असेच आहे. जमिनीचा धनी आपणच असे म्हणणाऱ्या अलाफिनच्या राज्यारोहणातही राजखड्ग इफेहून संस्कार करून आणावे लागे, आणि त्याशिवाय त्याला मृत्युदंड फर्मावता येत नसे. हे स्वतः जॉन्सननीच नोंदवले आहे.

केवडा

1903 चा प्रसंग वाचून अंगावर काटा आला.

आता माझी दुसरी शंका. तुम्ही सर्वजण ओदुदुवाला ‘तो’ म्हणत आहात. ब्राझीलमधील कांदोम्ब्ले पंथाविषयी वाचताना मला ओदुदुवा देवी म्हणून भेटली होती. हा तेथे झालेला बदल आहे का?

जुनी वही

केवडाताई, तो बदल समुद्रापलीकडे झालेला नाही. आफ्रिकेतच, योरुबा प्रदेशाच्या पश्चिम भागात, ओदुदुवा देवी आहे. ए. बी. एलिस या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1894 मध्ये जे लिहिले त्यात ओदुदुवा ही मुख्य देवी आहे, ओबातालाची पत्नी आहे आणि तिचे महत्त्वाचे मंदिर आदो येथे आहे. तिकडची कथा अशी की आरंभी ही दोघे एका भोपळ्याच्या दोन अर्ध्या वाटग्यांसारखी एकमेकांवर घट्ट मिटलेली होती, वरचे अर्धे म्हणजे ओबाताला, आकाश, आणि खालचे अर्धे म्हणजे ओदुदुवा, पृथ्वी. आत अंधार आणि कोंडमारा होता. त्यांचे भांडण झाले आणि त्यात तिचे डोळे गेले. केतू आणि त्याच्या आसपासच्या भागातून अनेक माणसे गुलाम म्हणून ब्राझीलला नेली गेली. तेथील कांदोम्ब्लेच्या एका मोठ्या शाखेला आजही केतू हेच नाव आहे. तुम्ही वाचलेली देवी त्यांच्याबरोबर गेली असणार.

येथे एक भाषेची गोष्ट सांगावीशी वाटते. योरुबा भाषेत ‘तो’ आणि ‘ती’ यांसाठी एकच सर्वनाम आहे आणि क्रियापद लिंगाप्रमाणे बदलत नाही. ‘ओदुदुवा आला’ आणि ‘ओदुदुवा आली’ ही योरुबात दोन वेगळी वाक्ये होऊच शकत नाहीत. शेकडो वर्षे कथा सांगणाऱ्याला हे ठरवण्याची गरज व्याकरणाने कधी पाडली नाही. आपल्याला मराठीत पहिल्याच क्रियापदाला निर्णय घ्यावा लागतो, आणि तो घेतला की कथेचे अर्धे अंग आपण कापून टाकतो. इफेच्या राजवंशाचा संस्थापक पुरुष आणि आदोची पृथ्वीदेवी मुळात एकच होते, की दोन नावे पुढे एकत्र आली, हे आता सुटे करता येणे कठीण आहे. तरीही मी एवढे म्हणेन की जेथे ओदुदुवाच्या नावाने सिंहासन आहे तेथे तो पुरुष आहे, आणि जेथे केवळ देऊळ आहे तेथे ती देवी राहू शकली आहे.

रानवारा (धागाकर्ता)

जुनी वही, हे शेवटचे वाक्य मी जपून ठेवणार आहे. धागा लिहिताना ‘तो’ लिहून मी पुढे गेलो आणि माझ्या ते ध्यानातही आले नाही.

मृगशीर्ष

मुकुटाच्या मण्यांचा मुद्दा मला मान्य आहे. पण मग बेनिनचे काय? तेथील राजघराण्याचे म्हणणे अगदी उलटे आहे. त्यांच्या मते ओदुदुवा हा मुळात बेनिनचाच राजपुत्र. बेनिनच्या आधीच्या ओगिसो वंशाचा शेवटचा राजा ओवोदो याने आपला मुलगा एकालादेरहान याला मारण्याची आज्ञा दिली, मारेकऱ्यांनी त्याला गुपचूप सोडून दिले, तो भटकत इफेला पोचला, तेथे त्याने इझोदुवा हे नाव घेतले, आणि त्याचाच उच्चार पुढे ओदुदुवा झाला. बेनिनचे ओबा, म्हणजे राजे, एरेदियाउवा यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात हे मांडले तेव्हा इफेच्या बाजूने कडाडून विरोध झाला.

तळटीप

त्या वादात दोन्ही बाजूंना मान्य असलेला भाग पाहण्यासारखा आहे. बेनिनचे लोक राजाविना होते, त्यांनी इफेकडे राजा मागितला आणि ओरान्मियान आला, याबद्दल दोघांचेही एकमत आहे. बेनिनचे इतिहासकार जेकब एघारेव्बा यांनीही 1930 च्या दशकात हेच लिहिले. ओरान्मियानला तेथे करमले नाही, त्याने त्या देशाला संतापाची भूमी म्हटले, आणि या मातीत जन्मलेल्यानेच येथे राज्य करावे असे सांगून तो निघून गेला. एदो, म्हणजे बेनिनच्या स्थानिक समाजातील, स्त्रीपासून झालेला त्याचा मुलगा एवेका हा आजच्या राजवंशाचा पहिला ओबा. मतभेद आहे तो एका पायरीवर: इफेहून राजा आला तो परका आला, की घरचाच नातू परतला? परक्याने येऊन आपल्याला राजवंश दिला, हे मोठ्या साम्राज्याचा वारसा सांगणाऱ्या घराण्याला पचवणे अवघड जाते. एकालादेरहानची कथा ती अडचण सोडवते.

आता रानवारा यांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. माझे मत थोडे कठोर आहे. ‘साऱ्या योरुबांचा पूर्वज’ ही कल्पना विसाव्या शतकातील आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ‘योरुबा’ हे नावही साऱ्यांचे नव्हते. ते मुख्यतः ओयोच्या लोकांसाठी, उत्तरेकडच्या हौसा भाषकांनी वापरलेले नाव होते. एग्बा, इजेबू, एकिती, इजेशा हे स्वतःला त्या त्या नावाने ओळखत. मिशनऱ्यांनी आणि सॅम्युअल अजाई क्राउथर यांच्यासारख्या योरुबा धर्मगुरूंनी बायबलच्या भाषांतरासाठी एक लिखित भाषा घडवली आणि तिच्याबरोबर ते नाव सर्वत्र पोचले. 1877 ते 1893 या सोळा वर्षांत इबादान आणि एकिती-इजेशा यांच्यात किरिजीचे युद्ध चालले. दोन्ही बाजूंना ओदुदुवाचे नाव ठाऊक होते, पण त्या नावाने कोणाचीही तलवार म्यानात गेली नाही. 1945 मध्ये योरुबा नेते ओबाफेमी अवोलोवो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये एग्बे ओमो ओदुदुवा, म्हणजे ‘ओदुदुवाच्या लेकरांचा संघ’ स्थापन केला, 1948 मध्ये इले-इफे येथे त्याचे औपचारिक उद्घाटन झाले, आणि 1951 मध्ये त्याच वर्तुळातून ॲक्शन ग्रुप हा राजकीय पक्ष निघाला. मतदार राजे नसतात. मतदारांना एकत्र आणायचे तर राजांच्या पूर्वजाला मतदारांचाही पूर्वज करावे लागते.

रानवारा (धागाकर्ता)

तळटीप, तुमची मांडणी बहुतांशी पटते, पण ‘विसाव्या शतकातील कल्पना’ एवढ्यावर मी थांबणार नाही. अवोलोवोंना नवे नाव शोधावे लागले नाही. झालरीचा मुकुट, इफेहून येणारे खड्ग, बेनिनला गेलेला राजपुत्र, हे सर्व आधीपासून होते आणि माणसे ते मानत होती. त्यांनी केले ते असे की राजघराण्यांमधले नाते त्यांनी सर्वसामान्यांपर्यंत खाली आणले. ज्याच्या डोक्यावर कधी मुकुट येणार नव्हता, त्यालाही आता ‘तूही त्याच घरातला’ असे सांगितले गेले. एग्बा आणि इजेबू यांना, इबादान आणि एकिती यांना एका सभेत बसवायला यापेक्षा प्रशस्त छप्पर उपलब्ध नव्हते, आणि युद्ध संपून जेमतेम अर्धशतक झालेल्या लोकांना एका छपराखाली आणणे ही लहान गोष्ट नव्हती.

त्याची किंमतही होती, आणि तिच्याबद्दल कमी बोलले जाते असे मला वाटते. इफेच्या कथांत ओदुदुवाच्या आधीचे लोक आहेत. मोरेमीच्या कथेत गवताची वेषभूषा करून नगर लुटायला येणारे वनवासी आहेत. त्यांना तेथे इग्बो म्हणतात. आजच्या नायजेरियाच्या आग्नेय भागातील इग्बो समाजाशी त्यांची गल्लत करू नये. मोरेमीने स्वतःला त्यांच्या कैदेत जाऊ दिले, त्यांचे गुपित काढून आणले, नगर वाचवले आणि नवस फेडताना आपला एकुलता मुलगा ओलुओरोग्बो गमावला. एदी उत्सवात तिचे स्मरण होते. किनाऱ्याकडील उग्बो लोक आज सांगतात की ते लुटारू म्हणजे आमचे पूर्वज. ते इफेचे मूळ रहिवासी होते आणि त्यांना हुसकावून लावले होते. सगळेच ओदुदुवाची लेकरे झाले, तर या लोकांनी आपली ही आठवण कोठे ठेवावी?

दूरदेशी

उशिरा येते आहे. यजमानांच्या नोकरीनिमित्त आम्ही काही वर्षे इबादानला होतो, आणि इफेला माझे तीनदा जाणे झाले. येथे अभ्यास करून लिहिणारे आहेत. मी फक्त पाहिलेले आणि ऐकलेले लिहिते.

ओरान्मियानचा दगडी स्तंभ साधारण साडेपाच मीटर उंच आहे आणि त्यात लोखंडी खिळे ठोकलेले आहेत. त्याच्याभोवती फारसा गाजावाजा नाही. एकदा ओलोजो उत्सवाच्या दिवसांत आम्ही तेथे होतो. राजवाड्याचे सेवक अर्धे अंग पांढरे आणि अर्धे लाल रंगवून फिरत होते. मला कोणीतरी समजावून सांगितले की ओरान्मियान असा दुरंगी जन्मला, कारण ओदुदुवा आणि लोखंडाचा देव ओगुन या दोघांनीही त्याच्यावर पितृत्वाचा हक्क सांगितला होता, आणि जन्मलेल्या बाळाने दोघांचेही खरे केले. रानवारांनी वंशाबद्दल जे लिहिले आहे ते वाचताना मला ते दुरंगी सेवक आठवत राहिले. तेथे एका राजपुत्राला दोन पिते असणे कोणाला खटकत नव्हते.

आमच्या शेजारणी स्वतःच्या लोकांना ‘कारो-ओजीरे म्हणणाऱ्यांची लेकरे’ असेही म्हणत. सकाळी ‘नीट उठलात ना’ अशा अर्थाने जे विचारतात, ते हे शब्द. ओदुदुवाचे नाव सभेत आणि वर्तमानपत्रात ऐकू येई. घरात आणि बाजारात हे दुसरे नाव अधिक ऐकले.

तिसऱ्या भेटीत इफेच्या बाजारात एका वयस्क कापडवालीकडून मी निळीने रंगवलेले आदिरे घेतले. तिने पांढरे वस्त्र नेसले होते. भाव ठरल्यावर, आपुलकीने म्हणून, मी तिला विचारले की तुम्ही इफेच्या, म्हणजे अगदी ओदुदुवाच्या वंशातल्या ना? तिच्या नातीने माझा प्रश्न योरुबात सांगितला. म्हातारीने कापडाची घडी माझ्या हातात दिली आणि सावकाश उत्तर दिले. नातीने ते इंग्रजीत सांगितले ते असे: राजे त्याच्या वंशातले आहेत, त्यांचे भले होवो. आमचे घर ओबातालाचे. तो आला तेव्हा आम्ही येथे होतो.